लिव्हरच्या पाण्याच्या गाठीचं दुर्बिणीतून ऑपरेशन: कुणी करावं, कुणी अजिबात करू नये

निकाल आधी. लिव्हरच्या गाठीचं छप्पर दुर्बिणीतून कापून काढण्याच्या ऑपरेशनला, म्हणजे डीरूफिंगला, योग्य गाठ असेल तर पाचपैकी साडेचार गुण. गाठ चुकीची निवडली असेल तर शून्य, मग हॉस्पिटल कितीही चकचकीत असो. हल्ली पोटाची सोनोग्राफी दुसऱ्याच कारणासाठी होते, रिपोर्टात ‘सिस्ट’ हा शब्द दिसतो आणि घरचे लगेच पॅकेजची चौकशी करायला लागतात. चौकशी आधी गाठीची करायची.

साधी गाठ सोनोग्राफीत आतून पूर्ण काळी दिसते. भिंत जेमतेम जाणवते, आत पडदे नसतात आणि गाठीमागचा भाग उजळ दिसतो. ती त्रास देत नसेल तर आकार कितीही असला तरी काही करायचं नाही. युरोपातल्या लिव्हरतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना तर अशा गाठीची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफीसुद्धा नको म्हणतात. तीन-चार सेंटीमीटरच्या गाठीमुळे पोट दुखतंय असं कुणी सांगितलं, तर आधी ॲसिडिटी आणि पित्ताशयातले खडे तपासून घ्या. दोन घास खाल्ले की पोट भरल्यासारखं वाटणं, उजव्या बरगडीखाली कायम जडपणा, वाकताना दाब ही मोठ्या गाठीची लक्षणं.

नुसत्या सुईने पाणी काढणं हा उपाय म्हणून कुचकामी. गाठीचं अस्तर पाणी तयार करतच राहतं, त्यामुळे ती पुन्हा भरते. पाणी काढल्यावर आत शुद्ध अल्कोहोल सोडून ते अस्तर मारता येतं. मात्र त्याआधी गाठीत डाय, म्हणजे एक्स-रेत दिसणारं औषध, सोडून ती पित्तनळीला जोडलेली नाही ना, हे एक्स-रेवर बघावंच लागतं. अल्कोहोल पित्तनळीत गेलं तर नळ्या कायमच्या आकसतात. भूल नको असलेल्या वयस्कर पेशंटसाठी हा पर्याय चांगला आहे.

आता डीरूफिंग. त्यामागचा विचार सोपा आहे: गाठ पूर्ण काढायची नाही, लिव्हरबाहेर आलेलं तिचं छप्पर कापायचं. अस्तर पुढेही पाणी सोडत राहतं, पण ते पोटात पसरतं आणि पोटाचं आवरण ते शोषून घेतं. पूर्ण भूल, तीन-चार छिद्रं, पोटात कार्बन डायऑक्साइड. आधी पाणी ओढून त्याचा रंग बघतात. नितळ किंवा फिकट पिवळं असेल तर पुढे जायचं. हिरवट-पिवळं, पित्तासारखं असेल तर नळीशी जोड आहे, ती शोधून टाका घालावा लागतो. मग अल्ट्रासॉनिक कात्रीने छप्पर लिव्हरच्या कडेपर्यंत कापतात. कडेला छोट्या रक्तवाहिन्या आणि पित्तनळ्या असतात, तिथे घाई केली की रक्तस्राव होतो किंवा पित्त गळतं. तळाचं अस्तर सरसकट जाळायला जाऊ नये, खाली मोठ्या शिरा असू शकतात. पांढरा गॉज आत दाबून पित्ताचा डाग येतो का, हे शेवटी बघणारा सर्जन चांगला समजावा. कापलेलं छप्पर बायोप्सीला गेलंच पाहिजे.

गाठ परत होते ती बहुधा दोन कारणांनी. एक, खिडकी लहान कापली. दोन, गाठ लिव्हरच्या वरच्या-मागच्या भागात, सेगमेंट सात किंवा आठमध्ये होती (डॉक्टर लिव्हरचे आठ भाग धरतात, ते सेगमेंट). तिथे श्वासपटल कापलेल्या तोंडाला चिकटतं आणि खिडकी बुजते. म्हणून तिथे पोटातल्या चरबीचा पडदा, म्हणजे ओमेंटम, पोकळीत बसवतात. ‘गाठ कुठल्या सेगमेंटमध्ये आहे?’ हा प्रश्न खर्चाच्या प्रश्नाआधी विचारा. शेकडो गाठींनी भरलेल्या पॉलीसिस्टिक लिव्हरमध्ये याच ऑपरेशनचा फायदा मर्यादित असतो आणि नंतर पोटात पाणी साचण्याचा त्रासही होतो.

शून्य गुणांची पहिली जागा: आत जाड पडदे किंवा भिंतीवर मांसल गोळे असलेली गाठ, विशेषतः मध्यमवयीन बाईच्या डाव्या लिव्हरमध्ये. ही म्युसिनस, म्हणजे आत चिकट बुळबुळीत पाणी असलेली गाठ असू शकते आणि तिच्यात पुढे कॅन्सर होऊ शकतो. तिचं छप्पर नाही, ती अख्खी काढावी लागते. एमआरआय इथे उपयोगी पडतो.

दुसरी जागा हायडॅटिड. कुत्रं आणि मेंढी यांच्यात फिरणाऱ्या जंताची ही गाठ, त्यामुळे मेंढपाळ घरांत आणि कत्तलीचे अवशेष कुत्र्यांना मिळतात तिथे तिचा विचार आधी करावा. रक्ताची अँटीबॉडी चाचणी निगेटिव्ह आली तरी ती नाहीच असं ठरत नाही. साधी समजून भोसकली तर पाणी पोटात सांडतं, अंगावर तीव्र ॲलर्जी उठते, बीपी कोसळतं आणि पुढे पोटभर गाठी उगवतात.

हायडॅटिडचा उपचार तिच्या अवस्थेवर ठरतो. एकच पोकळी आणि पाच सेंटीमीटरपेक्षा लहान असेल तर नुसतं अल्बेंडाझोल हे जंताचं औषध: रोज किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन भागांत, तुपातेलाच्या जेवणासोबत, कारण रिकाम्या पोटी ते नीट शोषलं जात नाही. लिव्हरची आणि रक्तपेशींची तपासणी वारंवार हवी, गरोदरपणात औषध बंद. त्याहून मोठ्या एकपोकळी गाठीला हेच औषध चालू ठेवून सुईने उपसा आणि जंत मारायला आत २० टक्के मिठाचं पाणी. आत पिल्लं-गाठी भरलेल्या असतील तर ऑपरेशन: गाठीभोवती त्याच मिठाच्या पाण्यात भिजवलेले मॉप्स, भूलतज्ज्ञाच्या हाताशी ॲड्रेनालिन, आणि पाणी न सांडता ओढणारा ट्रोकार (पोटाच्या छिद्रातून आत घालायची नळी). कोइम्बतूरच्या डॉ. सी. पलनिवेलू यांनी यासाठीच खास मोठा ट्रोकार तयार केला. पूर्ण चुनखडी झालेल्या गाठीला हात लावायचा नाही.

हॉस्पिटल निवडताना ईआरसीपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून पित्तनळीवर करायचा उपचार, तिथेच होते का हे विचारा. पित्त गळायला लागलं तर नळीत स्टेंट टाकायला तीच लागते, आणि ड्रेन (पोटातलं पाणी बाहेर काढणारी नळी) लावलेला पेशंट दुसऱ्या गावी हलवणं हाल करणारं असतं. पॅकेजमध्ये बायोप्सी आणि जास्तीचे दिवस धरलेत का, ते लेखी घ्या. सरकारी योजनेत बसवायचं असेल तर हॉस्पिटलमधल्या योजनेच्या मदतनीसाकडून, म्हणजे आरोग्यमित्राकडून, दाखल होण्याआधीच मंजुरी तपासा.

सगळं सरळ झालं तर साध्या गाठीचा पेशंट दोन-तीन दिवसांत घरी जातो. खांदा दुखतो तो पोटातल्या गॅसमुळे, थोड्या दिवसांत थांबतो. ताप, कावीळ किंवा ड्रेनमध्ये हिरवट पाणी आलं तर त्याच दिवशी परत जा. नंतरच्या सोनोग्राफीत लहान पोकळी दिसली म्हणून गाठ परत आली असं धरू नका. त्रास परत सुरू झालेला नसेल तर तिच्यासाठी पुन्हा काही करावं लागत नाही.