लाखेचं पॉलिश स्प्रे गनने: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या मे महिन्यात मी स्प्रे गन घेतली ती एकाच कामासाठी, लाखेचं पॉलिश मारायला. मेलामाइन आणि पीयू (पॉलियुरेथेन) ही आजची पॉलिशं गनने मारणारे पुण्यात गल्लोगल्ली सापडतील. पण चपडी, म्हणजे लाखेचे पापुद्रे स्पिरिटमध्ये विरघळवून, गनमध्ये घालणार म्हटलं की भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्येसुद्धा लोक वळून बघतात. "ताई, ती कापडाच्या बोळ्यानेच लावायची असते," असं मला निदान पाच जणांनी सांगितलं. त्यात खरं किती, ते आता आठ महिन्यांनी सांगू शकते.

माझं काम जुन्या फर्निचरचं. धायरीत लहानशी शेड आहे. पेठांमधला एखादा वाडा पाडायला काढला की त्यातलं सागवानी कपाट, झोपाळा, देव्हारा माझ्याकडे येतो. या वस्तूंवर मूळचं पॉलिश बहुतेक वेळा लाखेचंच असतं, म्हणून मीही तेच लावते. सपाट फळीवर बोळा छान फिरतो. अडतं ते देव्हाऱ्याच्या महिरपीत, जाळीत, कातीव खांबांच्या खाचांत. तिथे बोळा पोचत नाही. ब्रश पोचतो, पण कोपऱ्यात पॉलिश साचतं, आणि दुसरा हात देताना स्पिरिटने पहिला हात विरघळून ब्रशबरोबर ओढला जातो. गनमध्ये लाकडाला काहीच घासत नाही. नवा थर खालच्या थरात अलगद मुरतो आणि दोन्ही मिळून एक होतात. मी गन घेतली ती या एका गुणासाठी.

माझा कॉम्प्रेसर दोन एचपीचा, ५० लिटर टाकीचा. एचव्हीएलपी (जास्त हवा, कमी दाब) गनला भरपूर हवा लागते, एवढ्या कॉम्प्रेसरला तेवढी झेपत नाही. म्हणून कमी हवेवर चालणारी एलव्हीएलपी गन घेतली, वर कप असलेली, १.३ मिलिमीटर नोझलची. दाब गनपाशी २५ पीएसआयच्या आसपास ठेवते. हवेच्या नळीत पाणी अडवणारा फिल्टर बसवलाय. टाकीतल्या पाण्याचा एक थेंब लाखेवर पडला तरी पांढरा डाग उठतो, तेव्हा तिथे पैसे वाचवू नका.

प्रमाण मात्र मला दोन महिने सापडत नव्हतं. बोळ्याच्या सवयीने मी लिटरभर स्पिरिटला अडीचशे ग्रॅम चपडी घेत होते. एवढं दाट पॉलिश गनमधून धड फुटत नाही, पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा होतो. आता लिटरला दीडशे ग्रॅम घेते. साध्या चपडीत मेण असतं, त्यामुळे द्रावण गढूळ दिसतं. दोन-तीन दिवस बरणी न हलवता ठेवली की मेण खाली बसतं. वरचं नितळ तेवढं अलगद ओतून बारीक जाळीतून गाळते. बरणी काचेची किंवा प्लॅस्टिकची हवी. लोखंडी डब्यात लाख काळपट पडते आणि तो काळपटपणा सागावर लगेच कळतो.

मे महिन्यातला पहिला अनुभव निराशेचाच होता. दुपारी शेडमध्ये मरणाचं ऊन, हवा कोरडी. गनमधून निघालेलं स्पिरिट लाकडापर्यंत पोचायच्या आतच उडून जायचं. हात फिरवला तर खरखरीत भुकटी लागायची. मग सकाळी साडेसातच्या आत काम उरकायला लागले आणि गन सहा ते आठ इंचांवर आणली. शिवाय लिटरला ५० मिलिलिटर ब्युटाइल अल्कोहोल घातलं. ते सावकाश उडतं, त्यामुळे थराला पसरायला वेळ मिळतो. वास उग्र असतो, डोळे चुरचुरतात, पण फरक पहिल्याच दिवशी दिसला. ट्यूबलाइट बाजूला तिरपी लावून बघा. गन पुढे सरकते तसा मागे पाण्यासारखा चमकता पट्टा उमटतो आणि थोड्याच वेळात मागच्या टोकापासून तो शांत होत येतो. पुढचा पट्टा आधीच्याच्या निम्म्यावर पडला पाहिजे, आणि आधीचा ओला असतानाच. हे डोळ्याला एकदा कळलं की पुढचं काम हातच करतो.

खरा फटका जुलैत बसला. सदाशिव पेठेतल्या एका आजींचा देव्हारा होता, महिरपीत वेलबुट्टी आणि मधोमध गणपती. त्या आठवड्यात पावसाची झड लागली होती, पण मला काम वेळेत द्यायचं होतं. तिसरा हात दिला आणि बघता बघता गणपतीच्या सोंडेपासून वरपर्यंत पांढरं मळभ धरलं. काचेवर श्वास सोडल्यासारखं, फक्त हे जाईना. कारण साधं आहे. स्पिरिट उडताना लाकडाचा पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि थरात अडकतं.

पण इतकं पांढरं आधी कधी झालं नव्हतं, म्हणून मला स्पिरिटचीही शंका आली. ते या वेळी नेहमीच्या दुकानातून आणलं नव्हतं. घरात मोरचूद होतं. जेवणाचा नसलेला जुना तवा घेऊन त्यावर भाजलं, तसं त्यातलं पाणी उडून ते पांढरं झालं. पाणी लागलं की ते पुन्हा निळं होतं. दोन वाट्यांत थोडं थोडं घेतलं. एकीत ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घातलं, ते पांढरटच राहिलं. दुसरीत ते स्पिरिट घातलं, तर क्षणात गडद निळं. ९५ टक्क्यांच्या चांगल्या स्पिरिटनेही थोडी निळाई येते, पण माझ्या नेहमीच्या स्पिरिटने एवढी कधी आली नव्हती. दुकानदाराने हात वर केले. तेव्हापासून दर नव्या कॅनची ही परीक्षा घेते आणि पावसाळ्यात निम्मं आयसोप्रोपिल वापरते.

देव्हारा वाचला. चार दिवसांनी उघडीप मिळाली तेव्हा आयसोप्रोपिलमध्ये थोडं ब्युटाइल घालून नुसत्या त्या मिश्रणाचा हलका फवारा दिला. थर पुन्हा मऊ झाला, अडकलेलं पाणी निघून गेलं आणि मळभ विरलं. पीयूवर असं झालं असतं तर सगळं खरवडावं लागलं असतं. आजींनी देव्हारा बघितला आणि त्या म्हणाल्या, "अगं, हा तर सासूबाईंच्या वेळचा रंग." आठ महिन्यांत मला सगळ्यात जास्त समाधान या एका वाक्याने दिलं.

नोव्हेंबरपासून मात्र कसलीच तक्रार नाही. पुण्याची थंडी या कामासाठीच केलेली असावी, हवा कोरडी आणि ऊन बेताचं. अर्ध्या अर्ध्या तासाने एक हात, दुसऱ्या हातानंतर ४०० नंबरचा पॉलिश पेपर हलकासा, असे सहा-सात हात एका दिवसात होतात. ज्या जाळीला ब्रशने तीन दिवस जायचे, ती आता एका दिवसात होते आणि खाचेत कुठे ओघळ नसतो.

टेबलाच्या वरच्या फळीसाठी मात्र मी गन वापरत नाही. आमच्याकडचे पॉलिशवाले काका बोळ्याने सागाचे रेषे भरत भरत जी चकाकी आणतात, ती गनने येत नाही. माल वाया जातो तो वेगळाच, बराचसा हवेत उडतो. तेव्हा ते पाच जण फळीपुरते बरोबरच होते. जेवणाच्या टेबलाला तर लाख कशीही लावली तरी गरम भांड्याने डाग पडतो, त्यासाठी दुसरं पॉलिश बघा.

आगीबद्दल मी कुणाचंही ऐकून घेत नाही. बोळ्यातून स्पिरिट थोडं थोडं उडतं, गनमधून त्याचं धुकं होतं आणि ते एका ठिणगीने पेटतं. कॉम्प्रेसर शेडच्या बाहेर ठेवलाय, आत साधा एक्झॉस्ट पंखा लावत नाही, कारण मोटरची ठिणगी त्या वाफेतच पडते. दोन्ही दारं उघडी ठेवून मारते. मास्क कार्बनच्या डब्यांचा, कापडी मास्क वाफ अडवत नाही.

गन धुणं सोपं आहे. कपात थोडं स्पिरिट घालून फवारलं की झालं, आणि नोझलमध्ये सुकलेली लाखही स्पिरिटमध्ये भिजवली की सुटते. विरघळवलेलं पॉलिश मात्र साठवू नका. सहा महिन्यांपूर्वीचं मी एका खांबावर मारलं, तर दुसऱ्या दिवशीही नखाची खूण उमटत होती, सगळं पुसून काढावं लागलं. आता बरणीवर तारखेची चिठ्ठी असते आणि आधी काचेच्या तुकड्यावर एक थेंब सुकवून बघते.