एक दिवस, नाशिक आणि इतिहास: लेणी, नाणी, गारगोटी की थेट मुंबईचं संग्रहालय?

पाहुणे आले की आपण नाशिककर त्यांना रामकुंड, काळाराम मंदिर, सीतागुंफा दाखवतो, झणझणीत मिसळ खाऊ घालतो आणि दुसऱ्या दिवशी त्र्यंबकला नेतो. त्यांत एखादा इतिहासाची किंवा कलेची खरी आवड असलेला निघाला, की मात्र घरात चर्चा सुरू होते. पांडवलेणी दाखवायची, अंजनेरीचं नाण्यांचं संग्रहालय, सिन्नरचं गारगोटी हे खनिजांचं संग्रहालय, की सरळ पंचवटी एक्स्प्रेसने मुंबई गाठायची? हा लेख अशा घरासाठी आहे, आणि जन्मभर नाशिकमध्ये राहून यातलं काहीच नीट न पाहिलेल्यांसाठीही.

माझं उत्तर आधीच सांगतो. हाताशी एकच दिवस असेल, तर सकाळी पांडवलेणी आणि दुपारी अंजनेरी. क्रम हाच ठेवा. या दोन्ही ठिकाणी एकच गोष्ट सांगितलेली आहे, एकीकडे दगडात आणि दुसरीकडे चांदीत. दोन्ही एकापाठोपाठ पाहिली की गोष्ट पुरी होते.

पांडवलेणी, म्हणजे त्रिरश्मी डोंगरावरची २४ लेणी, मुंबई-आग्रा महामार्गालगत आहेत. बहुतेक लोक पायऱ्या चढतात, गार वाऱ्यात फोटो काढतात आणि उतरतात. भिंतींवरची ब्राह्मी अक्षरं कोणी वाचत नाही, आणि खरा खजिना तर तिथेच आहे. १० क्रमांकाचं लेणं क्षत्रप (शक राजा) नहपानाचा जावई उषवदात याने दान दिलेलं. त्याने भिक्षूंसाठी ३००० कार्षापणांची, म्हणजे त्या काळच्या चांदीच्या नाण्यांची, कायमची ठेव ठेवली. पैसे ठेवले गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे: एका श्रेणीकडे २०००, दरमहा शेकडा एक या दराने, दुसरीकडे १०००, शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत घ्यायचं नाही, वापरायचं ते फक्त व्याज. लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यात, राहणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापणं चिवरासाठी, म्हणजे वस्त्रांसाठी द्यायची. आता तिथेच उभं राहून आकडेमोड करा. २००० वर महिना २०, म्हणजे वर्षाचे २४०. वीस भिक्षू, प्रत्येकी बारा, तेही २४०. मुलांना घेऊन गेलात तर हे गणित त्यांच्याकडूनच सोडवून घ्या. शाळेच्या पुस्तकातलं सरळव्याज जवळपास १९०० वर्षांपूर्वी इथे कोरून ठेवलेलं आहे.

तिथून ३ क्रमांकाच्या लेण्याकडे या. दर्शनी भाग खांद्यावर पेलून धरणारे यक्ष पाहा, दरवाजाभोवतीची शिल्पपट्टी पाहा आणि मग लेखांकडे वळा. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला, त्यानंतरची त्याची आज्ञा इथे कोरलेली आहे. कारकिर्दीचं १८वं वर्ष, गोवर्धनचा अमात्य विष्णुपालित याला उद्देशून: पश्चिम काखडी गावातलं, आजवर उषवदाताकडे असलेलं २०० निवर्तनं (निवर्तन हे जमिनीचं जुनं माप) शेत आता भिक्षूंना द्यावं. सहा वर्षांनी पुन्हा आज्ञा निघाली. ते शेत कसलं जात नाही आणि गावही ओस पडलंय, म्हणून त्याऐवजी नगराच्या सीमेवरच्या राजाच्या जमिनीपैकी १०० निवर्तनं द्यावीत. लढाईनंतर गावं कशी उजाड होतात आणि सातबाऱ्यावरची नावं कशी बदलतात, हे इतक्या कोरड्या सरकारी भाषेत वाचताना मला दर वेळी गलबलून येतं. याच लेण्यात गौतमी बलश्रीचा प्रसिद्ध लेखही आहे. नातू पुळुमावीच्या १९व्या वर्षी तिने तो कोरवून घेतला. आपल्या मुलाच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलंय आणि त्याने खखरातांचा म्हणजे नहपानाच्या कुळाचा समूळ उच्छेद केला, असं ही आई सांगते.

अडचण एकच. हे सगळं तिथे कोणी समजावून सांगेल, ही अपेक्षा ठेवू नका. लेखांचं भाषांतर घरीच वाचून जा किंवा मोबाइलमध्ये ठेवा. पंडित भगवानलाल इंद्रजींनी या लेण्यांचा बारकाईने अभ्यास केला आणि १८८३च्या नाशिक गॅझेटियरमध्ये त्यांचं काम छापलं गेलं. तेवढं वाचलं तरी डोळे उघडतात. गुडघे दुखणाऱ्यांनी पायऱ्यांचा विचार करावा, आणि उन्हाळ्यात नऊच्या आत वर पोहोचावं.

आता अंजनेरी. त्र्यंबक रस्त्यावर, शहरापासून वीसेक किलोमीटरवर, भारतीय नाणेशास्त्र संशोधन संस्थेचं हे संग्रहालय आहे. संस्था १९८० साली स्थापन झाली आणि तिच्या उभारणीत परमेश्वरीलाल गुप्त यांच्यासारख्या मोठ्या नाणेतज्ज्ञाचा वाटा होता. मोठ्या शहरातल्या संग्रहालयाचा थाट इथे नाही. नाणी, प्रतिकृती, ठसे आणि मोठी केलेली छायाचित्रं यांच्या आधारे आहत, म्हणजे ठसे ठोकून केलेल्या प्राचीन नाण्यांपासून पुढचा क्रम लावलेला आहे. चष्मा विसरू नका, नाणं हे जवळून बघण्याची गोष्ट आहे.

इथे येण्याआधी एक गोष्ट माहीत असू द्या. १९०६ साली सिन्नर तालुक्यात, दारणा-गोदावरीच्या संगमावरच्या जोगलटेंभी गावात चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नाणी तेरा हजारांहून जास्त, सगळी नहपानाची, आणि त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला. मूळ नाण्याच्या एका बाजूला नहपानाचा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र. त्यावर सातवाहनांचा कमानींचा चैत्य आणि उज्जैन चिन्ह (अधिक चिन्हाच्या टोकांना चार वर्तुळं) ठोकलेलं. ठसा नीट बसलेला नसेल तर चैत्याच्या कमानींखालून नहपानाचं नाक किंवा गाल अजून डोकावतो. सकाळी लेण्यात 'उच्छेद केला' हे वाचलेलं असतं. दुपारी तो उच्छेद बोटाच्या पेराएवढ्या चांदीवर दिसतो. जोगलटेंभीची नाणी निरनिराळ्या संग्रहांत विखुरली, त्यामुळे मूळ नाण्याचाच हट्ट धरू नका, चांगल्या छायाचित्रातही हे स्पष्ट दिसतं. उषवदाताच्या एका लेखात ३५ कार्षापणांचा एक सुवर्ण असा दरही दिलाय. चांदी आणि सोन्याची नाणी शेजारी ठेवलेली पाहताना तो आठवावा.

वेळ उरला तर अंजनेरी गावातली पडकी मंदिरं जरूर पाहा. मारुतीच्या डोंगराकडे जाणारे शेकडो लोक त्यांच्या शेजारून जातात आणि थांबत नाहीत, याची मला खंत वाटते.

सिन्नरचं गारगोटी संग्रहालय वेगळ्या मनाच्या माणसासाठी आहे. इथला इतिहास सातवाहनांच्याही मागे, थेट साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापर्यंत जातो. तो लाव्हा थंड होताना खडकात पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्या पोकळ्यांमध्ये स्टिल्बाइटसारखे झिओलाइट, अपोफायलाइट अशा खनिजांचे स्फटिक वाढले. विहिरी आणि खाणी खोदताना हे दगड वर येतात आणि एरवी खडी होऊन रस्त्याखाली जातात. इथे ते दिव्याखाली मांडलेले आहेत: हिरवट, गुलाबी, मोरपंखी. निळा कॅव्हन्साइट पाहिला की मुलं हलत नाहीत. दहा-बारा वर्षांची मुलं बरोबर असतील तर मी लेण्यांच्याही आधी गारगोटी सुचवीन. मात्र नाशिकच्या माणसांचा इतिहास हवा असेल तर तो इथे मिळणार नाही. संग्रहालय खाजगी आहे, मांडणी देखणी आहे आणि बाकीच्या ठिकाणांच्या मानाने तिकीट जास्त वाटू शकतं. तिथे गेलात तर सिन्नरचं गोंदेश्वर मंदिर चुकवू नका. यादवकाळातलं भूमिज या शिखरशैलीचं असं पंचायतन (मुख्य मंदिर आणि भोवती चार छोटी मंदिरं) इतक्या चांगल्या अवस्थेत फार कमी ठिकाणी उरलंय. माझ्या मते तर सिन्नरच्या फेरीत तेच मुख्य.

सराफ बाजाराजवळचा सरकारवाडा म्हणजे पेशवेकालीन वास्तू. तासभर हाताशी असेल आणि गावातच असाल तर लाकडी खांबांसाठी जावं, पूर्ण दिवस त्यावर बेतू नये. चित्रांची आवड असणाऱ्यांनी गंगापूर रस्त्यावरच्या कुसुमाग्रज स्मारकात काय चालू आहे ते विचारावं. अशी प्रदर्शनं बहुधा तीन-चार दिवसांचीच असतात, त्यामुळे स्थानिक पेपरवर नजर हवी. गोदाघाटाची जलरंगातली चित्रं हे या शहराचं खास वैभव आहे. शिवाजी तुपे यांनी ते फार उंचीवर नेलं, आणि आजचे तरुण चित्रकारही सकाळी घाटावर कागद मांडून बसतात.

मग मुंबई कोणासाठी? ज्याला मूर्ती आणि लघुचित्रं भरपूर आणि नीट मांडलेली हवी आहेत, त्याच्यासाठी. काळा घोड्याजवळचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय १९२२ साली लोकांसाठी खुलं झालं. इमारत जॉर्ज विटेट यांची. मीरपूर खासचे भाजक्या मातीचे बुद्ध, असीरियातले शिल्पपट, टाटांचा संग्रह, नाण्यांचं दालन हे सगळं एका छताखाली आहे. दालनांत माहितीच्या पाट्या आहेत, चालायला सपाट जागा आहे, आणि पाहुणी प्रदर्शनंही होत असतात. भायखळ्याच्या राणीच्या बागेतलं भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२चं. ते आटोपशीर आहे आणि मुंबई शहर कसं घडलं हे मातीच्या प्रतिकृतींतून, नकाशांतून दाखवतं. नाशिकच्या लेण्यांचा अभ्यास करणारे भगवानलाल इंद्रजी याच भाऊ दाजींसाठी काम करायचे, हा धागा लक्षात असला तर नाशिकहून तिथे जाणं आपलंसं वाटतं.

पण एका दिवसात दोन्ही करायचा हव्यास नको. पंचवटी सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोडहून निघते, मुंबईत पोहोचेपर्यंत अकरा वाजत येतात आणि परतीची गाडी संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास. जेवणखाण आणि लोकलचा वेळ वजा केला की हातात चार-पाच तास उरतात. तेवढ्यात काळा घोड्याचं संग्रहालयही अर्धंच होतं, म्हणून आधी ठरवून दोन-तीनच दालनं पाहा. भायखळ्याचं बुधवारी बंद असतं.

आजी-आजोबांना बरोबर न्यायचं असेल तर मी अंजनेरी आणि गोंदेश्वर निवडीन, दोन्हीकडे फारसं चढावं लागत नाही. मात्र ही दोन टोकं वेगवेगळ्या दिशांना आहेत, तेव्हा दोन दिवसांत विभागा. कॉलेजातल्या मुलांनी लेण्यांपासून सुरुवात करावी. पुण्या-मुंबईहून आलेल्या पाहुण्यांना त्यांच्याच शहरातली संग्रहालयं पाहायला परत पाठवण्यात अर्थ नाही, त्यांना सकाळी लेणी आणि दुपारी नाणी हेच दाखवा. अंजनेरीला निघण्याआधी फोन करून वेळ आणि सुट्टी विचारून घ्या. श्रावणातल्या सोमवारी, त्यातही तिसऱ्या, त्र्यंबक रस्त्याला लागू नका.