सीजीएचएसच्या औषध-खिडकीचं ऑडिट

माझी सगळी नोकरी ऑडिटमध्ये गेली. त्यामुळे कुठल्याही सरकारी खिडकीपुढे उभी राहिले की आधी रजिस्टरकडे नजर जाते, मग माणसाकडे. सीजीएचएस म्हणजे केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची आणि पेन्शनरांची आरोग्य योजना. निवृत्त होताना माझ्या वेतन-लेव्हलची तिची वर्गणी महिन्याला ६५० रुपये होती. दहा वर्षांचे ७८,००० एकदम भरले की कार्ड आयुष्यभराचं. घरात कुरकुर झाली, पण मी भरले. आता माझ्या मागच्या बॅचच्या मैत्रिणी निवृत्त होताहेत आणि रोज कोणी ना कोणी फोन करून विचारतंय, “औषधं खरंच मिळतात का गं?” म्हणून हे एकदाच लिहून ठेवते. रुग्णालयांचे दर १३ ऑक्टोबर २०२५ पासून बदलले, तो विषय वेगळा आणि मोठा. मी फक्त औषधांवर बोलणार.

मी नागपुरात राहते. इथं ही योजना सत्तरच्या दशकापासून आहे, त्यामुळे डिस्पेन्सरीत येणारी निम्मी मंडळी एकमेकांना नावानं ओळखतात. सकाळी साडेसातला दार उघडतं, दोनला बंद. टोकन, डॉक्टर, मग खिडकी. डॉक्टर औषधं संगणकावर चढवतात. साठ्यात असतील ती तिथल्या तिथं मिळतात. नसतील त्यांचं इंडेंट लागतं, म्हणजे ठरवून दिलेल्या केमिस्टकडून ती मागवली जातात आणि आपण ती एक-दोन दिवसांनी परत येऊन न्यायची. पैसा लागत नाही. शुगर-बीपीसारख्या कायमच्या दुखण्याची औषधं आमच्याकडे एका वेळी महिन्याची देतात.

सगळ्यात मोठा बदल म्हणाल तर कंपनीचं नाव गेलं आणि औषधातल्या घटकाचं नाव आलं. खासगी डॉक्टर ज्या ब्रँडची चिठ्ठी देतात तोच ब्रँड खिडकीतून मिळेल ही आशा सोडून यायचं. आमच्या ह्यांना बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि अॅम्लोडिपिन एकत्र असलेली एकच गोळी होती. डिस्पेन्सरीतून दोन वेगळ्या पट्ट्या आल्या. हे म्हणाले, “डोस दुप्पट केला का?” दोन्ही पट्ट्यांवरचे मिलिग्रॅम चष्मा लावून जुन्या पट्टीशी ताडून दाखवले तेव्हा कुठे पटलं. पुढच्या महिन्यात अॅम्लोडिपिनची कंपनी बदलली, गोळीचा रंग आणि आकार बदलला, की पुन्हा तोच प्रश्न. औषध तेच असतं. पण सत्तरीच्या माणसानं वर्षानुवर्षं रंगावरून गोळी ओळखलेली असते, त्याचं काय करायचं? मी प्रत्येक पट्टीच्या मागे मार्करनं ‘सकाळ’, ‘रात्र’ लिहिते आणि फ्रिजवर घटकांच्या नावांचा कागद लावलाय. शुगरची मेटफॉर्मिन हजार मिलिग्रॅमच्या ऐवजी पाचशेची देत असतील तर किती घ्यायच्या हे डॉक्टरांकडूनच चिठ्ठीवर लिहून घ्या, खिडकीवरच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका.

जेनेरिकबद्दल लोक नाकं मुरडतात. माझी शुगर आणि ह्यांचं बीपी, दोन्हीचे रिपोर्ट आधी होते तसेच आहेत, त्यामुळे माझा आक्षेप नाही. टॉनिक, फूड सप्लिमेंट, सनस्क्रीन, टूथपेस्ट मात्र मागू नका, ते नियमातच बसत नाही. मागच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी प्रोटीन पावडरवरून जो वाद घातला तो ऐकून फार्मासिस्ट बाईंच्या संयमाला दाद द्यावीशी वाटली.

खरी गोम इंडेंटची आहे. साठ्यातल्या औषधांना मी दहापैकी नऊ देईन, इंडेंटच्या औषधांना पाच. त्यासाठी दुसरी फेरी मारावी लागते, आणि ती कधी फुकटही जाते. “काकू, तुमचं अजून आलं नाही, उद्या फोन करून या,” हे वाक्य मला पाठ झालंय. फोन लागला तर ठीक. एकदा पाचपैकी चार वस्तू आल्या आणि नेमकं इन्सुलिन राहिलं. ऑडिटची सवय म्हणून मी विचारलं, अर्धवट आलेल्या इंडेंटची नोंद कुठं होते? नोंद होते, संगणकात दिसते, पण ती पेशंटला दिसत नाही. दारावर रोज सकाळी ‘आज आलेली इंडेंट’ अशी यादी लावली तर अर्धी गर्दी घरीच बसेल. त्याला ना बजेट लागतं, ना मंजुरी. मी लेखी दिलंय, बघू.

इन्सुलिनसाठी तर वेगळी तयारी लागते. माझं ग्लार्जिन इन्सुलिन दोन ते आठ अंशांत ठेवायचं असतं आणि नागपूरचा मे महिना पंचेचाळीसला टेकतो. डिस्पेन्सरीच्या फ्रिजमधून काढलेलं इन्सुलिन ऑटोतून घरी येईपर्यंत तापणार हे उघड आहे. मी जेवणाच्या डब्याची जाड पिशवी आणि बर्फाचे जेल पॅक नेते, पण पॅक थेट इन्सुलिनच्या पेनाला चिकटू देत नाही, मध्ये नॅपकिन घालते, कारण गोठलेलं इन्सुलिनही वाया जातं. खिडकीवर तिथल्या तिथं एक्स्पायरी बघायची आणि सरकारी पुरवठ्याचा ‘विक्रीसाठी नाही’ असा शिक्का असला तर घाबरायचं नाही, तो तसाच असतो.

२८ एप्रिल २०२५ पासून सीजीएचएसची जुनी संकेतस्थळं बंद होऊन नवीन पोर्टल आणि अॅप आलं. वर्गणीही आता त्यातूनच भरायची, सरकारच्या भारतकोश या पैसे भरायच्या संकेतस्थळाचा जुना मार्ग गेला. अॅपवर डॉक्टरांची वेळ घेता येते हे सोयीचं. सुरुवातीचे दिवस गोंधळाचे होते, माझी माहिती मुलानं बसून जुळवली. मोबाइल नंबर जुना असेल तर आधी तो बदला, नाहीतर ओटीपी भलत्याच फोनवर जाईल.

आता भत्त्याचा प्रश्न. ज्या गावात सीजीएचएस नाही तिथल्या पेन्शनरांना ओपीडीच्या औषधांऐवजी महिना १००० रुपये भत्ता मिळतो. तो आकडा जुलै २०१७ पासून आहे तिथंच आहे. माझी नणंद आयकर खात्यातून निवृत्त होऊन गावी राहते. तिनं हा भत्ता घेतलाय आणि कार्ड फक्त रुग्णालयासाठी ठेवलंय. तिला थायरॉइड आणि बीपीच्या साध्या गोळ्या आहेत. तिचा हिशोब बरोबर बसतो, दर महिन्याला नागपूरची बस कोण धरणार? माझं इन्सुलिन, सुया, शुगर तपासायच्या पट्ट्या आणि ह्यांची औषधं दुकानातून आणली तर हजारात काहीच होत नाही. तेव्हा भत्ता की खिडकी हे आपल्या चिठ्ठीवर ठरवा, शेजाऱ्याच्या नाही. आणि पर्याय वाटेल तेव्हा फिरवता येत नाही, हे अर्ज भरण्याआधी लक्षात घ्या.

धाकटे दीर राज्य सरकारातून निवृत्त झालेत. ते म्हणतात, “वहिनी, तुमचं नशीब.” आणि ते खरं आहे. त्यांना महिन्याची औषधं देणारी अशी खिडकीच नाही, सगळी खिशातून. म्हणून सीजीएचएसऐवजी विमा योजना आणावी ही सातव्या वेतन आयोगाची शिफारस कोणी पुन्हा पुढे आणली की माझ्या पोटात गोळा येतो. आमच्या सोसायटीत ज्यांच्या ज्यांच्या विम्याची कागदपत्रं मी वाचून दिली, ती सगळी रुग्णालयात भरती होण्याची होती. रोज सकाळच्या तीन गोळ्यांचं त्यात काही नव्हतं. आम्हा पेन्शनरांचा खरा खर्च त्या तीन गोळ्यांचाच आहे.

बाकी किरकोळ. कार्ड देशभरातल्या कुठल्याही सीजीएचएस केंद्रात चालतं, पुण्याला मुलाकडे गेले होते तेव्हा तिथून औषधं घेतली, काही अडचण आली नाही. परदेशी जायचं असेल तर जास्त दिवसांची औषधं मिळतात, तिकीट-व्हिसाच्या प्रती सोबत न्या. घरात आठवडाभराचा साठा कायम शिल्लक ठेवा, इंडेंट लांबलं तर तोच उपयोगी पडतो. आणि सोमवारी किंवा सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी जाऊ नका, साडेसातलाच टोकन पन्नाशीच्या पुढचं मिळतं.