भंगारात दिलेल्या गाडीला समृद्धीवर स्पीडचा दंड

माझी २०११ ची डिझेल गाडी गेल्या मे महिन्यात 'इंजिन संपलं' म्हणून भंगारात गेली. दिवाळी झाल्यावर त्याच गाडीचं ई-चालान मोबाइलवर आलं. समृद्धी महामार्गावर वेगमर्यादा ओलांडली म्हणे. तिथे कारला ताशी १२० किलोमीटरपर्यंत मुभा आहे, म्हणजे ही त्याहून जोरात पळत होती! चालानसोबतच्या फोटोत मागच्या काचेवरचं 'जय मल्हार' स्पष्ट वाचता येतं. बीड-जालना-परभणीकडे जुन्या गाड्या वापरणारे खूप आहेत, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

बीडहून अंबाजोगाईला येताना मांजरसुंब्याच्या घाटात गाडी तापली. काटा वर गेला, बॉनेटमधून वाफ आली आणि इंजिन बंद पडलं. आपल्याकडे उन्हाळ्यात हे नवीन नाही. रेडिएटरमध्ये बोअरचं जड पाणी ओततात, त्याचा क्षार आतल्या नळ्यांत धरतो, आणि मेच्या उन्हात चढावर तेच पाणी थंड व्हायला तयार नसतं. टोचन करून गाडी महामार्गालगतच्या एका गॅरेजला आणली.

मिस्त्रीने ऑइलची काडी बाहेर काढून दाखवली. ''सर, ऑइलचा पार चहा झालाय. इंजिन गेलं म्हणा.''

ऑइल दुधाळ झालं होतं, यात खोटं काही नव्हतं. पण त्यावरून कळतं ते एवढंच, की ऑइलमध्ये कूलंट किंवा पाणी उतरलंय. बऱ्याचदा हेड गॅस्केट (इंजिनाचं वरचं झाकण म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली पट्टी) जळालेलं असतं, कधी तापून हेड बेंड होतं. ब्लॉकलाच तडा जाणं त्यामानाने कमी. पहिल्या दोन्हींत हेड उतरवून प्रेशर टेस्ट करतात, लेथवर फेसिंग करतात, म्हणजे हेडची खालची बाजू घासून सपाट करतात, नवं गॅस्केट टाकतात, ऑइल बदलतात. तशीच गाडी पुढे दामटली तर बेअरिंग खराब होतात, ते वेगळं. माझी गाडी जागेवर थांबली होती.

दुसऱ्या दिवशी फोन आला की इंजिन खोललंय. मला न विचारताच. ही फसवणुकीच्या या धंद्यातली पहिली खुंटी. खोललेलं इंजिन, ट्रेमध्ये मांडलेले नटबोल्ट, हेड एकीकडे, गाडी एकीकडे. अशी गाडी दुसऱ्या गॅरेजला न्यायची तर परत टोचन, आणि नेली तरी दुसरा मिस्त्री दुसऱ्याच्या हातचं उघडं काम अंगावर घ्यायला नाखूश. मग मोबाइलवर फोटो आला. चरे पडलेला, काळाठिक्कर पिस्टन. ''चारी पिस्टन असेच आहेत.'' बोअर, स्लीव्ह, पिस्टन-रिंग, क्रँक, बेअरिंग, इंजेक्टर मिळून खर्च सांगितला ८५ हजार.

''अन् एवढं करून बी डिझेल गाडी दहा वर्षांनी बादच की, सर. कशाला पैसे घालायलाव?''

हे दहा वर्षांचं प्रकरण दिल्ली आणि तिच्या आसपासच्या एनसीआर भागातलं आहे. आपल्या आरटीओत खासगी कारची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर गाडीची तपासणी करून, पर्यावरण कर भरून ती पाच वर्षांनी वाढवता येते. पण बातम्यांत अर्धवट ऐकलेलं असतं, आणि समोरचा एवढ्या खात्रीने बोलतो की माणूस मान डोलावतो.

गिऱ्हाईक गॅरेजमध्येच तयार होतं. भंगारवाला म्हणून ओळख करून दिली, ''गाडी जालन्याला भट्टीत जाईल'' असंही सांगितलं. जालन्याच्या स्टीलच्या भट्ट्या सगळ्यांना माहीत असल्यामुळे ते पटतंही. भाव २६ हजार. खोलाईचे साडेतीन हजार मिस्त्रीने वेगळे घेतले, ते मी फोनवरून दिले. आरसी बुक घेतलं, फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेतल्या. ''नाव कमी करून आणून देतो.''

इथे जरा थांबा. फॉर्म २९ आणि ३० हे गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याचे अर्ज आहेत. भट्टीत जाणाऱ्या गाडीला नवा मालक कशाला लागतो? गाडी खरोखर मोडीत काढायची तर केंद्राच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्र असतं. ते गाडी ताब्यात घेतल्यावर मालकाला ठेव प्रमाणपत्र (गाडी जमा केल्याचा दाखला) देतं, गाडी तोडल्याचं प्रमाणपत्र निघतं आणि आरसी रद्द होते. त्या ठेव प्रमाणपत्रावर नवीन खासगी गाडीच्या मोटार वाहन करात सवलतही मिळू शकते. नाक्यावरच्या भंगारवाल्याला यातलं काहीच देता येत नाही.

अंबाजोगाईत आमच्या गल्लीत एक म्हातारे मिस्त्री आहेत. त्यांना तो पिस्टनचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाले, ''हा पेट्रोलच्या गाडीचा आहे.'' आताच्या डिझेल कारच्या पिस्टनच्या माथ्यावर खोलगट खड्डा असतो, इंधन तिथे जळतं. फोटोतला माथा जवळजवळ सपाट. गॅरेजच्या कोपऱ्यात पडलेला कुणाचा तरी जुना पिस्टन.

गाडी भंगारात देणं चूकच, असं मी म्हणत नाही. ब्लॉक फुटला असेल, पत्रा सडला असेल, पंधरा वर्षं भरत आली असतील तर ८५ हजार घालण्यात शहाणपण नाही. पण मराठवाड्याच्या कोरड्या हवेत पत्रा कोकणासारखा गंजत नाही. इंजिन सोडून बाकी गाडी धडधाकट असते, आणि या लोकांना नेमकी तशीच गाडी हवी असते. म्हणून इंजिन गेलं असं सांगणारा आणि गाडी विकत घेणारा (किंवा घेणारा आणून उभा करणारा) एकच असेल, तर किल्ली खिशात ठेवून आधी दुसऱ्या मिस्त्रीला तिथे घेऊन जा. खोलण्याआधी कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडर दाब धरतात का, ते पाहणं) करायला सांगा. काढलेला पार्ट फोटोत नको, हातात मागा.

चालानापेक्षा मोठी भीती दुसरीच आहे. गाडी अजून माझ्या नावावर, विमा जूनमध्ये संपलेला. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय, की नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताच्या भरपाईसाठी मालक तोच. त्यामुळे आधी आरटीओत लेखी अर्ज देऊन पोच घेतली, चालानावर ऑनलाइन हरकत नोंदवली. पोलीस ठाण्यात ''हा दिवाणी मामला आहे'' हे ऐकून झालं, तरी अर्ज देऊन शिक्का घेतला. ग्राहक आयोगासाठी खोलाईचे साडेतीन हजार कामाला आले: मोबदला देऊन सेवा घेतल्याचा पुरावा फोनमध्येच होता. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी लागत नाही. गॅरेजवाला म्हणतो, गाडी मी घेतलीच नाही. भंगारवाल्याचा नंबर बंद.

आणि मग एका रविवारी अनोळखी फोन. जालना जिल्ह्यातला एक तरुण. ''दादा, गाडी नावावर करायचीय. आरटीओवाले म्हणायलेत मूळ मालकाला आणा. तुम्ही कधी येता?'' त्याने गाडी १ लाख ६५ हजारांना घेतली होती. इंजिनाचं काय काम केलं, विचारलं. ''काही नाही, नुसतं हेडचं. त्यांनी बिल बी दिलंय, पाठवतो.'' लेथवाल्याचं आणि स्पेअर पार्टच्या दुकानाचं मिळून बिल १४ हजार २०० रुपयांचं: हेड फेसिंग, गॅस्केट, कूलंट, ऑइल. तारीख, माझी गाडी 'भट्टीत' निघाली त्याच आठवड्यातली. वर गाडीचा नंबरही लिहिलेला.

ते बिल आता ग्राहक आयोगातल्या तक्रारीला जोडलंय. तो तरुण जबाब द्यायला तयार आहे, फक्त गाडी जाऊ नये एवढंच त्याचं म्हणणं. विमा त्याने उतरवून घेतलाय, मी पॉलिसीचा फोटो मागवून पाहिला.