विषय निवडायच्या आधी ॲप्टिट्यूड टेस्ट आणि कौन्सेलिंग घेतलं, त्याचा आमचा अनुभव

लेकीला पुढच्या वर्षीचे विषय निवडायचे होते आणि तिने आधीच ठरवून टाकलेलं, गणित सोडणार. का, तर "मला नाही जमत गं आई", एवढंच. आम्ही दोघांनी समजावून पाहिलं, रागावूनही पाहिलं, आणि मग एका कौन्सेलर ताईंकडे टेस्ट आणि नंतरची दोन सेशन्स असं घेतलं. तुमच्याही घरी हेच चाललं असेल तर सविस्तर सांगते.

टेस्ट डीएटी प्रकारातली, म्हणजे डिफरेन्शियल ॲप्टिट्यूड टेस्ट. ही १९४७ पासून चालत आलीय आणि मला आवडलं ते हे की एकच आयक्यूचा आकडा हातात देऊन मोकळे होत नाहीत. भाषेतला तर्क, आकडेमोड, आकृत्यांमधला तर्क, यंत्रं कशी चालतात, वस्तू मनातल्या मनात फिरवून बघणं, बारीक काम किती पटकन आणि न चुकता होतं, स्पेलिंग, भाषेचा वापर, असे आठ भाग वेगवेगळे मोजतात.

रिपोर्ट बघून मी आधी घाबरलेच, आकडेमोड ५४! मला वाटलं १०० पैकी ५४ मार्क. तर ते पर्सेंटाइल असतं, म्हणजे तिच्या वयाची १०० मुलं घेतली तर साधारण ५४ तिच्या बरोबरीने किंवा मागे, म्हणजे ती अगदी मधोमध. ताई म्हणाल्या ५४ आणि ५९ मध्ये फरक शोधत बसू नका, दुसऱ्या दिवशी टेस्ट दिली तरी तेवढं वरखाली होतं, मोठे फरक बघा. आणि तो मोठा फरक समोरच होता, आकृती मनात फिरवण्यात ९१ आणि बारीक कामाच्या वेगात २२.

दुसऱ्या सेशनला त्यांनी गणिताच्या जुन्या उत्तरपत्रिका आणायला सांगितल्या, आणि माझ्या मते सगळ्यात कामाचा तो एक तास. आम्ही तिघींनी बसून प्रत्येक चूक कशाची ते लिहून काढलं. वजाचं चिन्ह खालच्या ओळीत उतरलंच नाही, ३ चा ८ झालाय, भूमितीत आकृती अचूक पण कारणं लिहायला वेळच पुरला नाही. एका पेपरात २८ मार्क गेले होते, त्यातले १७ असे, रीत बरोबर असताना गेलेले. लेक बराच वेळ काही बोललीच नाही, मग हळूच म्हणाली, "म्हणजे मला कळतं." मला तिथेच भरून आलं. इतकी वर्षं आपण मार्कांकडे बघून मुलांना सांगतो तुझं गणित कच्चं आहे, आणि ती ते खरं मानून चालतात.

आवडीनिवडीची प्रश्नावली पण होती, जॉन हॉलंड या मानसशास्त्रज्ञाने कामाच्या आवडींचे जे सहा प्रकार पाडलेत त्यांवरची. ती ठीक, तिने काय लिहिलंय ते वाचून आमच्या गप्पा झाल्या. आवड आणि क्षमता वेगवेगळ्या पानांवर छापल्या होत्या ते बरं केलं, कारण आपण दोन्हीची गल्लत करतो.

न आवडलेलं पण सांगते. रिपोर्टमध्ये एक पान होतं, तुमचं मूल 'व्हिज्युअल लर्नर' आहे म्हणून त्याला चित्रांतूनच शिकवा. हे पान काढून टाकायला हवं. २००८ साली चार मानसशास्त्रज्ञांनी यावरचं संशोधन तपासलं होतं, आणि मुलाच्या अशा स्टाइलप्रमाणे शिकवल्याने ते जास्त चांगलं शिकतं असा पुरेसा पुरावा त्यांना सापडला नाही. नकाशा सगळ्यांनाच बघून कळतो आणि कवितेची लय सगळ्यांनाच ऐकून, ते विषयावर ठरतं. मी विचारलं तेव्हा ताईंनीही मान्य केलं की ते पान सॉफ्टवेअरमधून आपोआप येतं. मग पालकांच्या हातात देता कशाला? एखादं मूल तेच धरून बसेल की मला वाचून कळतच नाही.

यंत्रांच्या भागात ती ३८ आली, त्यावर ताईंनी स्वतःहून विचारलं की हिने कधी स्क्रू ड्रायव्हर हातात घेतलाय का. नाहीच घेतलेला. कप्पी, गिअर कधी हाताळलेच नाहीत तर तो स्कोअर कमी येणारच, त्यावरून विषय सोडू नका म्हणाल्या. हा प्रामाणिकपणा मला फार भावला. बोटांच्या ठशांवरून बुद्धी सांगणारेही भेटले होते आम्हाला, तिकडे अजिबात जाऊ नका, ठशांच्या रेषा जन्माच्या आधीच तयार झालेल्या असतात, त्यात मुलाने काय शिकलंय, कुठे अडतंय यातलं काहीही नसतं.

गणित ठेवलंय. सोबत भूगोल घेतलाय आणि टेक्निकल ड्रॉइंग, ही तिची स्वतःची निवड. चौकटीच्या वहीत एका चौकटीत एकच अंक लिहायची सवय लावतेय, चिन्हांच्या चुका कमी झाल्यात पण वेळ अजून पुरत नाही, त्यावर काम चालू आहे. सहा महिन्यांनी फॉलोअप ठेवायला हवा होता, तो पॅकेजमध्ये नव्हता. पाचपैकी चार स्टार. आणि टेस्टला जाणार असाल तर जुन्या उत्तरपत्रिका रद्दीत देऊ नका, त्यांनी मागितल्या नाहीत तरी सोबत न्या.