इंग्रजी व्याकरण: तक्ता आधी की वाक्य आधी?

सहावी-सातवीत इंग्रजी व्याकरण शिकायच्या दोन वाटा दिसतात. एक तक्त्यांची: 12 काळ, त्यांची सूत्रं, मग रिकाम्या जागा. दुसरी वाक्यांची: छोटं वाक्य घ्यायचं, वाढवायचं, उलटंपालटं करायचं आणि काय बदललं ते पाहायचं.

तक्ता तपासायला सोपा. अनियमित क्रियापदांना तर तोच बरा. 'गो-वेन्ट-गॉन' कुठल्याही तर्काने सापडत नाही. पण मराठी मुलं अडखळतात ती शब्दक्रमाशी. 'कुत्रा माणसाला चावला' हे 'माणसाला कुत्रा चावला' असं फिरवलं तरी चावणारा कुत्राच, कारण 'ला' प्रत्यय सांभाळून घेतो. इंग्रजीत 'द डॉग बिट द मॅन'मधली नामं अदलाबदल केली, की माणूसच कुत्र्याला चावतो! यावर एकदा हसू आलं, की कर्ता-क्रियापद-कर्म हा क्रम घोकावा लागत नाही.

प्रश्नांचंही तसंच. 'शी लाइक्स म्युझिक'चा प्रश्न करताना 'लाइक्स'मधला 'स' सुटतो आणि 'डू'चं 'डज' होतं. नुसता नियम वाचलेलं मूल 'डज शी लाइक्स' लिहून मोकळं होतं. दहा वाक्यं स्वतः फिरवलेल्याच्या कानाला ते खटकतं. म्हणून माझं मत वाक्यांच्या बाजूने. वेळ जास्त जातो, आणि चूक लगेच दाखवणारं कुणी नसेल तर चुकीचीच सवय लागते, हेही खरं.

'अ' आणि 'द' मात्र दोन्ही वाटांवर रखडतात. मराठीत त्यांना थेट जोड नाही. तिथे भरपूर वाचनच लागतं.