लिव्हरचा कॅन्सर: आधी टाटा की आधी ट्रान्सप्लांट सेंटर?

रिपोर्ट आला की घरात पहिल्यांदा निघतं ते, 'टाटाला नेऊ या.' इतर कॅन्सरमध्ये सहसा त्यात काही चुकत नाही. इथे मात्र गाठ बहुतेकदा आधीच सिऱ्हॉसिस झालेल्या, म्हणजे व्रण पडून कडक झालेल्या लिव्हरमध्ये असते, म्हणजे दुखणी दोन. त्यामुळे कुठे जायचं हे गाठीइतकंच उरलेल्या लिव्हरवर ठरतं. कावीळ, पोटात पाणी, रक्तातलं अल्ब्युमिन (लिव्हर बनवतं ते प्रथिन) कमी असेल तर गाठ लहान असूनही ऑपरेशन झेपत नाही.

परळचं टाटा मेमोरियल 1941 पासूनचं. तिथे सर्जन, केमोचे डॉक्टर आणि रेडिओलॉजिस्ट एकत्र बसून केस ठरवतात. एकट्या डॉक्टरच्या मतापेक्षा हे केव्हाही बरं. जनरल कॅटेगरीत खर्च आवाक्यात राहतो. गर्दी मात्र सोसावी लागते आणि राहायची सोय आधीच बघावी लागते. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा कितीतरी कुटुंबांना आधार असतो. लिव्हर ठणठणीत आणि गाठ कापून काढण्याजोगी असेल, तर मी आधी इथेच जाईन.

ट्रान्सप्लांट सेंटरमध्ये सूत्रं लिव्हरच्या डॉक्टरकडे, म्हणजे हेपॅटोलॉजिस्टकडे असतात. लिव्हर बदललं तर गाठ आणि सिऱ्हॉसिस दोन्ही जातात. पण मर्यादा आहे: 1996 च्या मिलान निकषांनुसार एकच गाठ 5 सेंटीमीटरपर्यंत, किंवा जास्तीत जास्त तीन आणि प्रत्येक 3 सेंटीमीटरपर्यंत. काही सेंटर्स थोडं पुढे जातात. आपल्याकडे दाता बहुधा घरातलाच. 1994 च्या कायद्यानुसार जवळचे नातेवाईक सोडून दुसरा कोणी असेल तर समितीची परवानगी लागते. मेंदूमृत दात्याचं लिव्हर हवं असेल तर मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या झेडटीसीसीच्या, म्हणजे अवयव वाटून देणाऱ्या विभागीय समितीच्या यादीत हॉस्पिटलमार्फत नाव लावायचं. गाठ वाढू नये म्हणून मधल्या काळात टेस करतात, म्हणजे मांडीच्या किंवा मनगटाच्या रक्तवाहिनीतून नळी घालून गाठीतच औषध सोडतात. खासगीत ट्रान्सप्लांटचा खर्च सहज 20 लाखांच्या घरात जातो, आणि नंतरच्या गोळ्या जन्मभराच्या. दाता म्हणून मुलगा-मुलगी पुढे आले की भावनेच्या भरात हा हिशोब मागे पडतो.

महात्मा फुले योजनेचं कवच आता कुटुंबाला वर्षाला 5 लाखांचं आहे. तुमचा नेमका उपचार त्यात, त्याच हॉस्पिटलात बसतो का, हे तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला आधी विचारा.

आजार फुप्फुसात किंवा हाडांत गेला असेल तर ट्रान्सप्लांटचा विषय संपतो. मग नुसत्या औषधांसाठी दर खेपेला मुंबई कशाला? नॅशनल कॅन्सर ग्रिडमधलं, म्हणजे देशभरच्या कॅन्सर हॉस्पिटलांच्या जाळ्यातलं जवळचं हॉस्पिटल बघा.

कुठेही जा, कागदासोबत सीटीची सीडी न्या. साधा सीटी असेल तर तो ट्रायफेजिक, म्हणजे शिरेतून औषध देऊन तीन टप्प्यांत काढलेला, करून घ्यावा लागेल. सिऱ्हॉसिस असताना त्यात गाठीचं चित्र स्पष्ट दिसलं तर बायोप्सीचीही गरज बहुधा पडत नाही. आणि इम्युनोथेरपीचा (शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरविरुद्ध जागवणाऱ्या औषधाचा) पहिला डोस घेण्याआधी ट्रान्सप्लांटचं विचारून घ्या, कारण त्या औषधानंतर लगेच लिव्हर बसवलं तर शरीराने ते नाकारण्याचा धोका वाढतो.